पेटीपर्यंत

वीज कधी जाणार हे आधी कळले असेल तर माणसाने तयारी करावी, असे राखीवसाहेबांचे मत होते. आणि कळले नसेल तर माणसाने तयार असावे, हा त्यांचा पेशा होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारभर वीज बंद राहणार हे ठाऊक असूनही, दिवाणखान्यात लॅपटॉपसाठी योग्य उंचीचे टेबल शोधताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. काळजी त्यांच्या पत्नीने आणली. ती चहाबरोबर आली.

“अहो, उद्या लाईट नसताना तुम्ही इथून ऑफिसशी बोलणार कसे?”

“पेटीवरून.”

“पण पेटीचीही लाईट जाणारच ना?”

“पेटीत बॅटरी आहे.” हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारले होते की ते म्हणताना त्यांची मान आपोआप ताठ होई.

“ते झालं पेटीचं. आपल्या राउटरचं काय? तो तर भिंतीतल्या प्लगवर चालतो.”

राखीवसाहेबांनी चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.

ते ज्या ब्रॉडबँड कंपनीत होते, तिचे जाळे अर्धे काचेचे आणि अर्धे तांब्याचे होते. मुख्य केंद्रापासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत काचेची बारीक तार येई. कोपऱ्यावर लोखंडी पेटी असे. आणि पेटीपासून घराघरांत जुन्याच तांब्याच्या तारा जात. काचेला रस्त्यात काही खायला-प्यायला लागत नाही. परंतु पेटीत काचेतून आलेल्या उजेडाचे तांब्याला समजेल असे भाषांतर होते, आणि भाषांतरकाराला, तो यंत्र असला तरी, मेहनताना द्यावा लागतो. हा मेहनताना म्हणजे वीज. ती गेली की पेटी मुकी, आणि पेटी मुकी की गल्ली बहिरी. म्हणून प्रत्येक पेटीत बॅटऱ्या बसवलेल्या होत्या, आणि त्या बॅटऱ्यांची काळजी वाहणारा ‘राखीव वीजपुरवठा विभाग’ राखीवसाहेबांनी उमेदीच्या काळापासून सांभाळला होता. खिशात दोन पेने, पिशवीत दुसरा चष्मा आणि पँटला पट्टा असूनही आतून नाडी, अशी त्यांची राहणी असल्याने विभागाचे नाव माणसाला केव्हा चिकटले, हे ऑफिसात कोणालाच आठवत नव्हते.

त्यांच्या वाटेत एकच अडथळा होता आणि तो म्हणजे अर्थविभागाच्या प्रमुख. त्यांना सगळे पाठीमागे ‘कात्री मॅडम’ म्हणत. पुढ्यात नुसतेच ‘मॅडम’ म्हणत, पण म्हणताना आपल्या विभागाचे काय काय कापले जाईल याचा अंदाज घेत. बॅटऱ्या उन्हात लवकर म्हाताऱ्या होतात, चोरीला जातात, आणि दर काही वर्षांनी सगळ्या नव्याने घ्याव्या लागतात, हे मॅडमना पाठ होते.

“लाईट गेली की लोकांचे पंखेही बंद होतात,” त्या मागच्या बैठकीत म्हणाल्या होत्या. “लोक तक्रार पंख्याची करतात, साहेब. आपली नाही. मग आपणच एवढं का घाबरतो?”

“विश्वासार्हता, मॅडम.”

“कोणाला दिसते ती?”

या प्रश्नावर मोठ्या साहेबांनी, म्हणजे दोघांच्याही वरिष्ठांनी, तोडगा काढला. वीज कंपनी एका भागात दुरुस्तीसाठी दुपारभर पुरवठा बंद ठेवणार होती. त्या भागातल्या एका घरातून, त्या भागाच्या पेटीमार्फत, राखीवसाहेबांनी व्हिडिओवर बैठकीला हजर राहावे. वीज परत येईपर्यंत पेटी टिकली, तर बॅटऱ्या राहतील. मध्येच विझली, तर बॅटऱ्या निघतील, विभाग बंद होईल आणि राखीवसाहेबांची बदली तक्रार-निवारण खिडकीवर होईल. त्या खिडकीसमोर कोण उभे असते हे राखीवसाहेबांना चांगले ठाऊक होते. त्या लोकांपासून दूर राहता यावे म्हणूनच त्यांनी तरुणपणी बॅटऱ्यांचा विषय निवडला होता.

योगायोगाने तो भाग त्यांच्याच घराचा होता. हे त्यांना शुभ वाटले होते. आणि आता पत्नी राउटरविषयी विचारत होती.

“म्हणजे,” पत्नी समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली, “इतकी वर्षं लाईट गेली की आपलं इंटरनेट जातं, ते पेटीमुळे जात नाही?”

“पेटी कधीच जात नाही. मी दर वेळी खाली जाऊन बघतो. दिवे हिरवे असतात.”

“मग जातं काय?”

राखीवसाहेबांनी थोडा विचार केला. “आपलं जातं.”

“आणि शेजारच्यांचं?”

“त्यांचं त्यांचं जातं.”

“म्हणजे पेटी जागी आणि सगळी गल्ली झोपलेली. आणि तुम्ही पेटीवर समाधानी.”

“आपली जबाबदारी पेटीपर्यंत असते,” ते म्हणाले. हे कंपनीतले ठरलेले वाक्य होते. पेटीच्या अलीकडे कंपनी, पलीकडे ग्राहक. सगळ्या चाचण्या पेटीपाशी होत, सगळे मोजमाप पेटीपाशी संपे आणि सगळे अहवाल ‘पेटीपर्यंत पुरवठा अखंड’ या वाक्याने मिटत. पेटीच्या पलीकडे राहणाऱ्या ग्राहकांपैकी एक आपण स्वतः आहोत, ही गोष्ट मात्र त्यांना त्या संध्याकाळी, चहा निवत असताना प्रथमच जाणवली.

पण ते हार मानणारे गृहस्थ नव्हते. दुकाने बंद होण्यापूर्वी ते एक लहानसा इन्व्हर्टर घेऊन आले. दुकानदाराने मोठा दाखवला होता. त्यांनी तो नाकारला. राउटर आणि लॅपटॉप मिळून किती वीज खातात, ती दुपारभर पुरवायला किती मोठी बॅटरी लागते आणि वर किती हातचा ठेवावा, हे त्यांनी दुकानातच तोंडी मांडून दाखवले. दुकानदाराने कौतुकाने मान हलवली आणि विचारले, “घरात माणसं किती?”

“माणसांचा इथे संबंध नाही,” राखीवसाहेब म्हणाले.

सकाळी त्यांनी इन्व्हर्टर कोपऱ्यात बसवला, त्याला जाणूनबुजून एकच सॉकेट ठेवले, त्यात राउटर आणि लॅपटॉप दोन्ही एकत्र लागतील अशी जोडपिन लावली आणि घरातल्या मंडळींना एकत्र बोलावले. मंडळी म्हणजे पत्नी, सासूबाई आणि पत्नीचा धाकटा भाऊ. हा मेहुणा पलीकडच्या इमारतीत राहत असे, पण जेवण, टीव्ही आणि सल्ले देणे या गोष्टींसाठी तो याच घरात असे.

“या सॉकेटला कोणीही हात लावायचा नाही,” राखीवसाहेब म्हणाले.

“मोबाईलचा चार्जर पण नाही?” मेहुण्याने विचारले.

“नाही.”

“एवढासा चार्जर, भाऊजी?”

“प्रश्न आकाराचा नाही. तत्त्वाचा आहे.”

सासूबाईंनी काही विचारले नाही. त्यांचा फोन वाजला होता. आतल्या खोलीत त्यांच्या पलंगाशेजारी जुना, वायरचा टेलिफोन होता आणि त्यांच्या तीन बहिणी तेवढ्याच जुन्या टेलिफोनांवर दिवसभर आळीपाळीने त्यांच्याशी बोलत. जावयांची बैठक असो वा महायुद्ध, या कार्यक्रमात खंड पडत नसे.

वीज ठरल्याप्रमाणे गेली. पंखा हळूहळू थांबला, फ्रिजने एक उसासा टाकला आणि इन्व्हर्टरने कोपऱ्यात हिरवा डोळा उघडला. राखीवसाहेबांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर ऑफिसची बैठकीची खोली उमटली: लांबट टेबल, टोकाला मोठे साहेब आणि त्यांच्या उजवीकडे हाताची घडी घालून बसलेल्या कात्री मॅडम.

“आवाज येतोय का?” राखीवसाहेबांनी विचारले.

“स्वच्छ येतोय,” मोठे साहेब म्हणाले. “चित्रही छान आहे. मागे भिंतीवर ओल आलीय का?”

“ती जुनी आहे, सर.”

बैठक सुरू झाली. राखीवसाहेबांनी बॅटरीचे आयुष्य आणि उष्णता यांचा संबंध विशद करायला घेतला. मोठे साहेब समाधानाने ऐकत होते. मॅडम ऐकत नव्हत्या. त्या चित्र केव्हा जाते हे पाहत होत्या. खोलीत उकाडा वाढू लागला आणि राखीवसाहेबांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघून भुवईपाशी थबकला. त्याच वेळी त्यांच्या पाठीला एक सुखद झुळूक लागली.

त्यांनी वळून पाहिले. दारात सासूबाई टेबलफॅन घेऊन बसल्या होत्या आणि टेबलफॅन फिरत होता.

“आई!” ते दबल्या आवाजात म्हणाले. “हा कशावर लावलात?”

“मी नाही लावला. याने लावून दिला. लहानच आहे हो पंखा. माझा जीव घुसमटत होता आत. आणि तुम्हालाही येतंय की वारं.”

कोपऱ्यातले ते एकच सॉकेट नाहीसे झाले होते. त्याच्या जागी मेहुण्याने आपल्या घरून आणलेला लांबलचक बोर्ड होता आणि त्या बोर्डाला प्लगसाठी भरपूर जागा होत्या. रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटणे हा मनुष्यस्वभाव असल्याने एका जागेत मेहुण्याच्या मोबाईलचा चार्जर आणि दुसऱ्या जागेत मेहुण्याच्या मित्राच्या मोबाईलचा चार्जर होता.

“काही अडचण आहे का?” पडद्यावरून मॅडमनी विचारले.

“नाही, मॅडम. हवा खेळती ठेवतोय.”

मायक्रोफोनवर हात ठेवून त्यांनी मेहुण्याला खूण केली. मेहुणा वाकून, चोरासारखा पडद्याच्या कडेने आला. त्यामुळे ऑफिसात तो सरळ चालत आला असता त्यापेक्षा जास्त ठळक दिसला.

“ते चार्जर काढ.”

“भाऊजी, माझा फोन डेड झाला तर ऑफिसवाले शिव्या देतील.”

“आणि मित्राचा?”

“त्याचा बाप दवाखान्यात आहे. फोन बंद कसा ठेवणार?”

राखीवसाहेबांनी मायक्रोफोनवरचा हात काढला. मोबाईल फार थोडी वीज खातो, हे त्यांनी मनाशी मांडले. हातच्यात बसत होते. पंखाही, ओढून-ताणून, बसत होता. त्यांनी पुन्हा उष्णतेचा विषय हाती घेतला. पण आता त्यांचे लक्ष बॅटरीच्या भवितव्यापेक्षा पाठीमागच्या बॅटरीकडे अधिक होते. माणूस भाषण करता करता मनात वजाबाकी करू लागला की त्याच्या वाक्यांच्या शेवटी एक प्रकारची उणीव ऐकू येते. मॅडमना वजाबाकी ऐकू येत असे.

“राखीवसाहेब, तुमच्या मागून आता कोण गेलं?”

मागून त्यांची पत्नी गेली होती आणि तिच्या हातात फ्रिजची वायर होती.

“अगं, फ्रिज?” ते पडद्याकडे हसरा चेहरा ठेवून ओठ न हलवता म्हणाले.

“दूध नासेल. थोडा वेळच लावते. गार झालं की काढते.”

“फ्रिज म्हणजे पंखा नव्हे! तुला मी काल सगळं समजावून सांगितलं.”

“मला समजलंय. दुधाला समजत नाही.”

कोपऱ्यातून ‘टीं’ असा आवाज आला. हिरवा डोळा पिवळा झाला होता. थोड्या वेळाने पुन्हा ‘टीं’ झाले आणि मग ते ठरावीक अंतराने होत राहिले, एखाद्या शिस्तप्रिय पाखरासारखे.

“तो आवाज कसला?” मोठ्या साहेबांनी विचारले.

खोटे बोलणे राखीवसाहेबांच्या शिक्षणात बसत नव्हते. “सर, तो माझ्या घरच्या इन्व्हर्टरचा इशारा आहे. पेटीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पेटी ठणठणीत आहे.”

“आणि त्या बोर्डाला काय काय लावलंय?” मॅडम पुढे झुकल्या. “कॅमेरा जरा तिकडे वळवता का?”

त्यांनी कॅमेरा वळवला. बैठकीच्या खोलीतले सर्वजण एका प्रतिष्ठित अधिकाऱ्याच्या दिवाणखान्याचा कोपरा पाहू लागले: पंखा, दोन मोबाईल, फ्रिजची वायर, आणि या सगळ्यांच्या गर्दीत मान मुडपून बसलेला राउटर.

“प्रत्येकाला कारण आहे, मॅडम,” राखीवसाहेब म्हणाले. “उकाडा आहे. दूध आहे. एकाचे वडील दवाखान्यात आहेत.”

मॅडमच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीसा मऊपणा आला. “मला वर्षभर हेच दिसतं, साहेब. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विभागाकडे चांगलं कारण असतं. आणि प्रत्येक जण म्हणतो, एवढंसंच आहे. आज तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात.”

“मी सगळं काढायला लावतो,” राखीवसाहेब म्हणाले आणि उठले. ते आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नव्हते. त्या क्षणी त्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून घोषणा केली, “राउटर सोडून सगळं बंद! पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाईल बंद! कोणाचंही कारण ऐकलं जाणार नाही!”

“अगदी कात्रीसारखं बोलताय,” पत्नी म्हणाली. पडद्यावर कोणीतरी खोकले.

पंखा निघाला. फ्रिज निघाला. मोबाईल निघाले. बोर्डावर राउटर आणि लॅपटॉप यांची जोडपिन तेवढी उरली, आणि राखीवसाहेबांनी खुर्चीत बसून घाम पुसला. उरलेली वीज काटकसरीने वापरली तर संध्याकाळ गाठता येणार होती. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांना हिशेबात धरले नव्हते.

शिंपीदादा केव्हा आले हे त्यांना समजले नाही, कारण त्यांची पाठ होती. शिंपीदादांच्या एका गिऱ्हाइकाचा संध्याकाळी नोकरीचा इंटरव्ह्यू होता, कोट शिवून झाला होता, आणि गल्लीत फक्त साहेबांकडे लाईट आहे अशी बातमी मेहुण्याने खिडकीतून दिली होती. शिंपीदादा सभ्य गृहस्थ होते. बैठक चालू आहे हे पाहून ते चवड्यांवर चालत कोपऱ्यात गेले, बोर्डावर भरपूर जागा मोकळ्या आहेत हे पाहून त्यांना बरे वाटले, आणि त्यांनी हलक्या हाताने इस्त्रीची पिन लावली.

इन्व्हर्टर ‘टीं’ म्हणाला नाही. त्याने एक दीर्घ, करुण सूर काढला आणि डोळा मिटला. राउटरचे दिवे विझले. पडद्यावरचे मोठे साहेब तोंड अर्धवट उघडे ठेवून गोठले आणि मग तेही गेले.

राखीवसाहेबांनी मागे पाहिले.

“लाईट गेली वाटतं,” शिंपीदादा म्हणाले. “एकदाच फिरवायची होती हो. कॉलरवर. एवढीशी.”

राखीवसाहेब उठले. त्यांनी मोबाईल उचलला. गल्लीतला टॉवरही भर दुपारी मान टाकून बसला होता, आणि फोनवर सिग्नलच्या जागी नुसती फुली होती. त्यांनी चपला घातल्या, जिना उतरले आणि कोपऱ्यावर जाऊन पेटीचे दार उघडले. आतले सगळे दिवे हिरवे होते. बॅटऱ्यांचा दाब उत्तम होता. पंखा मंद घुमत होता. त्यांनी उभ्या हयातीत इतकी निरोगी पेटी पाहिली नव्हती. आणि ती निरोगी आहे हे सांगायला जगाशी त्यांचा कोणताही संबंध उरला नव्हता.

ते थोडा वेळ तिच्यासमोर उभे राहिले. ऑफिसला जाण्यात अर्थ नव्हता. पोहोचेपर्यंत बैठक संपली असती, आणि बैठक संपल्यावर आलेले सत्य कोणी लक्षात घेत नाही. त्यांनी दार लावले आणि जिना चढू लागले. प्रत्येक पायरीगणिक तक्रार-निवारणाची खिडकी त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी होत गेली. खिडकीसमोर रांग होती आणि रांगेत सगळ्यांत पुढे मेहुणा होता.

दारातच सासूबाई भेटल्या. “अहो, तुमचा फोन आहे. एकीचं ठेवून दुसरीला लावणार, तोच हा वाजला. कोणी बाई आहेत, आवाज करडा आहे.”

ते आतल्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी तो जड, काळा रिसिव्हर कानाला लावला.

“राखीवसाहेब,” कात्री मॅडम म्हणाल्या, “तुमचा मोबाईल लागत नाही, म्हणून घरचा नंबर शोधून काढला. चित्र गेलं. ठरलं होतं त्याप्रमाणे पेटी बंद पडली असं मी बैठकीत मांडलंय. तुम्हाला परस्पर कळू नये म्हणून स्वतः फोन केला. मला वाईट वाटतंय, हे खरं सांगते.”

“धन्यवाद, मॅडम,” राखीवसाहेब म्हणाले. त्यांनी रिसिव्हर कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा कानाला लावला. “मॅडम, माझा आवाज कसा येतोय?”

“चांगला येतोय. का?”

“खरखर वगैरे?”

“अजिबात नाही. साहेब, विषय बदलू नका.”

“विषय तोच आहे, मॅडम. आमच्याकडे अजून वीज नाही. मोबाईलचा टॉवर बंद आहे. मी ज्या फोनवर बोलतोय त्याला घरातली वीज लागत नाही. त्याची वीज तांब्याच्या तारेतून येते.”

“कुठून?”

“पेटीतून.”

पलीकडे इतकी दीर्घ शांतता झाली की त्यांना, धंद्याच्या सवयीने, लाईन तपासावीशी वाटली. “मॅडम, आहात ना?”

“आहे.” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणजे पेटी मेली, हे मी तुम्हाला पेटीतूनच सांगितलं.”

“तसं झालं खरं.”

“आणि मघापासून हा फोन लागत नव्हता, सारखा एंगेज येत होता…”

“माझ्या सासूबाई बोलत होत्या. दुपारपासून.”

“दुपारपासून!” मागे कोणीतरी काहीतरी विचारले, मॅडमनी ते हाताने थांबवले असावे. “हे पाहा, अट वीज परत येईपर्यंतची होती. मध्ये लाईन तुटली तर मी ऐकणार नाही.”

“मग फोन ठेवू नका, मॅडम.”

अशा रीतीने, ज्या दोन व्यक्ती इतकी वर्षे एकमेकांशी आवश्यकतेपलीकडे एक शब्दही बोलल्या नव्हत्या, त्यांच्यावर संध्याकाळपर्यंत बोलत राहण्याची वेळ आली. राखीवसाहेबांनी प्रथम बॅटरीतल्या शिशाविषयी सांगितले. मॅडमनी घसाऱ्याविषयी सांगितले. मग राखीवसाहेबांनी उष्णतेचा अर्धवट राहिलेला विषय पूर्ण केला. त्यानंतर दोघांचेही ज्ञान संपले आणि तारेतून नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

“इकडे आणा,” दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. “असं मुक्यानं धरून ठेवायचं असतं का फोन? शोभतं का माणसांना?” आणि रिसिव्हर घेऊन, पलंगावर मांडी ठोकून त्यांनी विचारले, “हं, बोला बाई. जेवलात का दुपारी?”

वीज आली तेव्हा बाहेर उन्हे कलली होती. सासूबाईंचे आणि मॅडमचे बोलणे तोवर मॅडमच्या गुडघ्यापर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी बैठक पुन्हा भरली, आणि या वेळी राखीवसाहेब प्रत्यक्ष हजर होते. दोन पेने, दुसरा चष्मा आणि मॅडमच्या प्रत्येक संभाव्य आक्षेपाचे खंडन घेऊन ते आले होते. पण मॅडम आक्षेप घेईनात.

“पेटी टिकली,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “पूर्ण टिकली. बॅटरी लागते, हे मी मान्य करते. आता माझा एकच प्रश्न आहे. काल दुपारी त्या पेटीवर सगळ्यात जास्त वीज कशाने खाल्ली?”

“इंटरनेटच्या यंत्रणेने,” राखीवसाहेब म्हणाले. “टेलिफोन फार थोडी खातो.”

“आणि अख्ख्या गल्लीत इंटरनेट वापरत कोण होतं?”

“मी.”

“तुम्हीही शेवटपर्यंत नाही. बाकी घरांत राउटरच बंद. म्हणजे अंधारातल्या घरांसाठी आपण इंटरनेट जागं ठेवतो, आणि ते घेणारं कोणी नाही. फोन मात्र चालू होता आणि तो लोकांना हवा होता. काल मला पाच वेळा एंगेज टोन ऐकायला मिळाला.” त्यांनी चष्मा काढला. “माझी सूचना अशी आहे. लाईट गेली की थोड्या वेळाने पेटीने आपणहून इंटरनेट बंद करावं आणि फक्त टेलिफोन सांभाळावा. मग निम्म्यापेक्षाही लहान बॅटरी पुरेल आणि ती आताच्यापेक्षा जास्त वेळ टिकेल. विभाग राहील. राखीवसाहेबच प्रमुख राहतील. खर्च अर्धा.”

सगळ्यांनी राखीवसाहेबांकडे पाहिले. त्यांनी मनात आकडे मांडले, उलटे मांडले, उष्णता धरून मांडले आणि चोरी धरून मांडले. कुठेही चूक सापडेना.

“तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे,” ते अखेर म्हणाले. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण ऐकून माणूस ज्या स्वरात ‘वा’ म्हणतो, त्या स्वरात.

मोठ्या साहेबांनी टेबलावर हात ठेवला आणि विषय संपवला. बाहेर पडताना मॅडम त्यांच्याजवळ थांबल्या. “सासूबाईंना सांगा, गुडघ्याला शेक दिला. बरं वाटलं.”

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा पत्नी दारातच उभी होती. तिने चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, पण त्या चेहऱ्यावर विजय आणि पराभव हे दोन्ही एकाच वेळी बसले होते आणि कोणीही उठायला तयार नव्हते.

“काय झालं? खिडकीवर पाठवतात की काय?”

“नाही. विभाग राहिला. मी प्रमुख राहिलो. बॅटऱ्याही राहिल्या.”

“मग जिंकलात की!”

“जिंकलो,” राखीवसाहेब बूट काढत म्हणाले.

“मग आता लाईट गेली तरी इंटरनेट चालू राहणार ना?”

त्यांनी दुसरा बूट काढला, पहिल्याशेजारी सरळ रेषेत ठेवला आणि मगच उत्तर दिले. “नाही. लाईट गेली की इंटरनेट जाणार.”

“अहो, मग आधीही तेच व्हायचं. फरक काय पडला?”

“फरक मोठा आहे,” राखीवसाहेब गंभीरपणे म्हणाले. “आधी ते आपोआप जायचं. आता ते नियमाप्रमाणे जाईल.”